डावा माझा, उजवा आपांचा

नववीत असताना एका सोमवारी सकाळी माझा डावा बूट पायात जाईना. उजवा नेहमीसारखा गेला. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "वाढीचं वय आहे, पाय वाढतोय."

"एकच कसा वाढेल?" मी विचारलं.

तेव्हा ती भाकरी थापता थापता थांबली. हात पुसून माझ्यासमोर खाली बसली आणि तिनं घोट्यावर बोट दाबलं. बोट उचललं तरी तिथला खळगा भरला नाही, मळलेल्या कणकेत राहतो तसा राहिला. मला दुखत नव्हतं, म्हणून मी हसत होते. ती हसली नाही. त्या दिवशी मी चपला घालून शाळेत गेले आणि बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं.

मग डॉक्टर सुरू झाले. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. रजा सहसा घ्यायचे नाहीत, पण त्या वर्षी माझ्या पायासाठी त्यांनी बरीच घेतली. मूत्रपिंड ठीक, हृदय ठीक, रक्त ठीक. वारज्याला आम्ही नुकतेच क्वार्टर सोडून स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो होतो. तिथल्या शेजारच्या काकूंनी पाय पाहून "हत्तीरोग दिसतोय" असं जाहीर केलं आणि आपल्या मुलीला माझ्याशेजारी बसू नको म्हणून बजावलं. त्या रोगाचीही तपासणी झाली. तोही नव्हता. शेवटी एका वयस्क सर्जननी नीट सांगितलं. शरीरातलं जास्तीचं पाणी परत वर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्या माझ्या डाव्या पायात जन्मापासूनच कमी आहेत. लहानपणी भागलं, आता वयात येताना सूज दिसू लागली. याला लिम्फेडिमा म्हणतात.

"हे जाणार कधी?" बाबांनी विचारलं.

"जाणार नाही. पण त्यामुळे हिचं काही अडणारही नाही. उद्यापासून शाळेत पाठवा."

बाबा बाहेर येऊन बाकावर थोडा वेळ बसले. मग म्हणाले, "चल, बूट घेऊ."

लक्ष्मी रोडवरच्या दुकानात त्यांनी डावा नऊ नंबर आणि उजवा सहा नंबर मागितला. दुकानदारानं चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "आमच्याकडे गिऱ्हाईक दोन पायांवर येतं, बूटही दोनच जातात. सुटा हवा असेल तर दुसरीकडे बघा. तिथेही मिळणार नाही."

"मग दोन जोड द्या," बाबा म्हणाले.

त्यानंतर दर जून महिन्यात दोन जोड येत राहिले. माझ्या पायांना न बसणारे दोन बूट कोरेच राहायचे. नवे बूट टाकायला आईचा हात होईना, म्हणून ते माळ्यावर जायचे. कॉलेजात गेले तेव्हा सगळ्याजणी जीन्स घालू लागल्या होत्या. मला जीन्स एका पायात जायची आणि दुसऱ्यात गुडघ्याखाली अडायची. मी सैल सलवार घालून हिंडायचे, आणि त्यामुळे माझी मर्यादशील मुलगी म्हणून ख्याती झाली. विहारात वंदनेला मांडी घालून बसता येत नसे म्हणून मी मागे भिंतीला टेकून पाय लांब करून बसायचे. तिथल्या म्हाताऱ्या बायका मला आपल्यातलीच समजून गुडघ्यांच्या तेलाबद्दल सांगायच्या.

कॉम्प्युटरची पदवी घेतली आणि नोकरी लगेच लागली. तो काळच तसा होता. हिंजवडीत शेतं बुजवून काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि कंपन्या माणसं शोधत होत्या. माझं काम टेस्टिंगचं. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून त्या त्यांना लेखी कळवायच्या. बाबांनी हे कचेरीत सांगितलं तर त्यांचे साहेब म्हणाले, "पुण्यात याचे पैसे मिळतात? आम्ही आजवर फुकटच करत आलो."

नोकरी चांगली होती, पण दिवसभर पाय लोंबकळत ठेवून खुर्चीत बसायचं. संध्याकाळी कंपनीच्या बसची पायरी चढताना मी आधी चढायचे आणि डावा पाय मागून यायचा. घरी येऊन तो उशांवर ठेवायचा, सकाळपर्यंत थोडा उतरायचा, की पुन्हा तेच. मला वाटायचं, हे असंच असतं. एके दिवशी जेवणानंतरच्या मीटिंगमध्ये मला थंडी वाजू लागली. मी एसी कमी करा म्हणाले तर सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण एसी बंदच होता. घरी पोचेपर्यंत ताप चढला होता आणि पाय घोट्यापासून मांडीपर्यंत लालभडक, तापलेल्या तव्यासारखा. दवाखान्यात ठेवून सलाइनमधून औषधं द्यावी लागली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या पायाची बोटं फाकवून पाहिली. करंगळीच्या बेचकीत एक बारीकशी चीर होती. "इथून जंतू आत गेले. सुजलेल्या पायात त्यांना रान मोकळं असतं. अंघोळीनंतर बेचक्या कोरड्या करत नाहीस?"

"कुणी सांगितलं नाही."

"आणि सूज उतरवायला काय करतेस?"

"उशी."

त्यांनी सुस्कारा सोडला आणि नारायण पेठेतल्या एका फिजिओथेरपिस्टचा पत्ता दिला. "लघवीवाटे पाणी काढायच्या गोळ्या वगैरे कुणी सांगितल्या तर घेऊ नकोस. ताप गेला की आधी यांच्याकडे जा."

नारायण पेठेतलं ते क्लिनिक वह्या-पेनांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होतं. जिन्याच्या तोंडाशी पाटी होती: "जिना चढता येत नसल्यास खालून हाक मारावी. एकदाच." मी हाक न मारता चढले. वर एका लांबट खोलीत दोन पलंग, मध्ये पडदा, आणि भिंतीला टांगलेली धुतलेली बँडेजं, केशकर्तनालयाबाहेर टॉवेल वाळत असतात तशी. मॅडम चाळिशीच्या, बारीक चणीच्या, बोलायला फटकळ. त्यांनी टेप घेऊन दोन्ही पायांची मापं घेतली आणि मला आडवं करून चक्क मानेपासून मालिश सुरू केलं.

"मॅडम, पाय सुजलाय."

"माहितीये. तुमच्या पायात एक पूल कमी बांधलाय, म्हणून गाड्या तुंबल्यात. मागून हॉर्न वाजवून काय होणार? आधी पुढचा चौक मोकळा करायचा, मग गाड्या बाजूच्या गल्ल्यांतून काढायच्या." त्यांचा हात इतका हलका होता की हे मालिश आहे यावर माझा विश्वास बसेना. मान, मग पोट, मग जांघ, मग मांडी, आणि सगळ्यात शेवटी पाऊल. नंतर पायाला मलम, त्यावर मऊ सुती मोजा, त्यावर कापसाचा थर, आणि त्यावर बोटांपासून मांडीपर्यंत एकावर एक बँडेजं. उठून उभी राहिले तर पाय लोडासारखा झाला होता.

"हे किती वेळ ठेवायचं?"

"उद्या येईपर्यंत."

"ऑफिसला कशी जाऊ?"

"चालत. चाललं तरच ते काम करतं."

तेवढ्यात पडद्यापलीकडून एक बाई म्हणाली, "वाद घालू नकोस गं. मी घातला होता. त्यांनी आणखी एक थर चढवला."

मॅडमनी पडदा सरकवला. पलीकडच्या पलंगावर पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. फिकट गुलाबी साडी, डोक्यावरून घेतलेला पदर, हातात चहाचा कप. त्यांचा उजवा पाय माझ्यासारखाच गुंडाळलेला होता. मंडईच्या मागे त्यांच्या घरचं दुकान होतं. त्यांचे सासरे तिथे पत्र्याच्या ट्रंका विकायचे, नवरा सूटकेस विकायचा, आणि आता मुलगा लॅपटॉपच्या बॅगा विकत होता. गर्भाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, त्यात जांघेतल्या गाठी काढल्या, वर रेडिएशनचे शेक दिले. कॅन्सर बरा झाला आणि वर्षाच्या आत पाय सुजला. हे सगळं त्यांनी मला पहिल्याच दिवशी, चहा संपायच्या आत सांगितलं. मी त्यांना आपा म्हणू लागले. घरी सगळे त्यांना तेच म्हणत.

आम्ही दोघी रोज संध्याकाळी एकाच वेळेला असायचो. एकदा मालिश चालू असताना आपा माझ्या पायांकडे, मग स्वतःच्या पायांकडे बघत राहिल्या. "तुझा डावा, माझा उजवा," त्या म्हणाल्या. "तुझ्या चांगल्या पायाचा नंबर काय?"

"सहा."

"माझाही सहा. आणि सुजलेल्याचा?"

"नऊ."

आपांनी कप खाली ठेवला. "तू बूट कसे घेतेस?"

मी दोन जोड आणि माळ्याची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "माझ्या पलंगाखाली तीच खोकी आहेत. उजवा सहा आणि डावा नऊ."

मला कळायला क्षणभर लागला. मॅडमना आधी कळलं आणि त्या मालिश थांबवून हसू लागल्या. माझ्या माळ्यावर पडलेले सगळे बूट आपांच्या पायांचे होते आणि आपांच्या पलंगाखालचे माझ्या. पुढच्या रविवारी आई-बाबा आणि मी एक पोतं घेऊन मंडईपर्यंत रिक्षानं गेलो. आपांच्या घरात जमिनीवर चादर पसरून दोन्हीकडचे बूट मांडले. हे काही जुळलं नाही. माझ्याकडे शाळेचे काळे बूट आणि कॉलेजातले कॅनव्हासचे, त्यांच्याकडे सोनेरी पट्ट्यांच्या सँडल आणि टिकल्या लावलेल्या मोजड्या.

"शाळेचे बूट घालून मी नातेवाइकांच्या लग्नाला जाऊ?" आपा म्हणाल्या.

"आणि मी टिकल्या लावून ऑफिसला?"

आई दोन्हीकडचे बूट निरखत होती. ती फारशी कुणाच्या घरी जायची नाही. कोण कुठल्या वस्तीतले, कोण कुठल्या जातीचे, हे विचारून झाल्यावर लोकांचे चेहरे कसे बदलतात ते तिनं फार पाहिलं होतं. आपांनी तिला काहीच विचारलं नव्हतं, फक्त बसायला खुर्ची दिली होती आणि खिमा खाणार की अंडी एवढंच विचारलं होतं. आता आईच म्हणाली, "यापुढचे तरी दोघी मिळून घ्या."

मग आम्ही दोघी लक्ष्मी रोडवर गेलो. जुन्या दुकानाचं आता शोरूम झालं होतं, काचेचे दरवाजे, आत गाणी. दुकानदाराच्या जागी त्याचा मुलगा होता. बायकांच्या बुटांत नऊ नंबर मिळेना, म्हणून पुरुषांचे चालायचे बूट काढायला सांगितले. आम्ही एक सहाचा जोड आणि एक नऊचा जोड घेतला, तिथेच बाकावर बसून अदलाबदल केली आणि पायात घातले. तो मुलगा बघत राहिला. म्हणाला, "मॅडम, तुमचे बूट एकमेकींत मिसळलेत."

"ते मिसळले म्हणूनच विकले गेले," आपा म्हणाल्या. "बिल करा."

रंगावरून मात्र आमचं अर्धा तास भांडण झालं होतं. मला काळे हवे होते, आपांना पांढरे. शेवटी पांढरे घेतले, कारण त्या वयानं मोठ्या. गुलाबी साडीखाली पांढरे शुभ्र बूट घालून आपा मंडईतून चालत गेल्या. भाजीवाल्या बायकांनी मान वळवून पाहिलं आणि त्यांनी प्रत्येकीला सांगितलं, "डॉक्टरांनी दिलेत." पुढे दोन पावसाळ्यांत आम्ही असे बूट, सँडल, रबरी चपला घेतल्या. एक खरेदी तुझ्या पसंतीची, एक माझ्या, असा करार होता. माझ्या पाळीला मी काळे घ्यायचे. त्यांच्या पाळीला टिकल्या यायच्या. टिकल्यांच्या मोजड्या घालून मी एकदा ऑफिसला गेले आणि टीममधल्या तिघींनी दुकानाचा पत्ता विचारला.

या सगळ्यात उपचार चालूच होते. मॅडमनी मला स्वतःचं बँडेज स्वतः बांधायला शिकवलं. पहिल्यांदा बांधलं तेव्हा घराबाहेर पडायच्या आत ते घोट्याशी गोळा झालं. बाबांनी सुट्टीच्या दिवशी डायनिंग टेबलाच्या पायावर सराव केला आणि मग माझ्या पायाला हात घातला. त्यांचं बांधकाम फायलीसारखं असायचं, कडा एकावर एक बरोबर. मी ऑफिसात दर तासाला उठून जिना चढायचे, टेबलाखाली खोक्यावर पाय ठेवून टाचा वरखाली करायचे. अंघोळीनंतर बेचक्या कोरड्या, त्वचेला तेल, अनवाणी कुठेच नाही. काही महिन्यांनी मॅडमनी टेप लावला आणि म्हणाल्या, "छान उतरलाय. आता मापाचं, दाब देणारं स्टॉकिंग घालायला हरकत नाही."

मी आनंदात खाली उतरले. पुढच्या खरेदीला नवा बूट घातला तर डावा नऊ ढगळ होत होता. आठ नीट बसला. मी आपांकडे पाहिलं. त्यांचा उजवा नऊमध्ये कसाबसा गेला होता.

"तुझा पाय पुढे गेला," त्या म्हणाल्या. बोलल्या हसूनच, पण त्या दिवशी आम्ही काहीच न घेता परत आलो.

गोष्ट अशी होती की आपा क्लिनिकमधून घरी गेल्या की बँडेज सोडून टाकायच्या. उकडतं, स्वयंपाकात ओलं होतं, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, अशी कारणं असायची. मॅडम त्यांना रागवायच्या आणि त्या मॅडमना चहा पाजायच्या. मी त्यांना कशी रागावणार? त्या माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठ्या, कॅन्सरमधून उठलेल्या. घरी आईजवळ मी हे बोलले तर ती म्हणाली, "त्यांना एकटीला कंटाळा येत असेल. रविवारी इकडे बोलाव."

तेव्हापासून आपा दर रविवारी सकाळी मुलाच्या स्कूटरवरून वारज्याला येऊ लागल्या. मी त्यांचा पाय बांधायचे, त्या माझा बांधायच्या, आणि आई बाजूला बसून दोघींना नावं ठेवायची. मग आम्ही तिघी टेकडीवर चालायला जायचो. आठवड्यातले बाकीचे दिवस आई त्यांना सकाळी फोन करायची.

"बांधलंत का?"

"बांधते."

"मी फोन धरून ठेवते. बांधा."

आपा मला म्हणायच्या, "तुझी आई माणूस गोड आहे, पण पोलिसात हवी होती." त्या कंटाळत, कुरकुरत बांधत राहिल्या. पाय हळूहळू उतरू लागला, आणि उतरतोय हे दिसल्यावर मात्र त्यांचं कुरकुरणं कमी झालं. आता क्लिनिकमध्ये मॅडमनी माझं माप घेतलं की त्या पलीकडून ओरडायच्या, "तिचं किती?"

त्याच सुमाराला कंपनीनं मला काही महिन्यांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं. घरात तोवर कुणी विमानात बसलं नव्हतं. बाबांनी नकाशा आणला. आईला काळजी एवढीच की एवढा वेळ बसून पायाचं काय होईल. मॅडम म्हणाल्या, "स्टॉकिंग घाल, पाणी पी, आणि विमानात फेऱ्या मार. हवाईसुंदरी वैतागली तरी थांबू नकोस." मी तसंच केलं. रांगेतल्या एका आजोबांना वाटलं मला विमानाची भीती वाटतेय. त्यांनी मला एक गोळी देऊ केली.

जर्मनीत मी ज्या गावात राहिले तिथे माझ्या स्टॉकिंगकडे कुणी पाहिलंच नाही. ट्राममध्ये एक आजी तशाच स्टॉकिंगमध्ये बसल्या होत्या, आणि त्यांचं होतं गडद जांभळं. पुण्यात आम्हाला कातडीच्या रंगाचं सोडून दुसरं मिळत नसे, तेही गोऱ्या माणसाच्या कातडीच्या. मी उतरताना धीर करून त्यांना मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये दुकान विचारलं. त्या मला स्वतः तिथपर्यंत घेऊन गेल्या. दुकानात हिरवी, निळी, लाल, वाटेल त्या रंगाची, प्रत्येकाच्या मापानं विणलेली. मी दुकानातल्या बाईंना आपांबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, पाय पुरता उतरला असेल तेव्हा सकाळी माप घ्या आणि पाठवा. सुजलेल्या पायाचं माप घेऊन उपयोग नाही.

मी इंटरनेट कॅफेतून मॅडमना मेल पाठवला आणि आपांना फोन केला.

"कुठले रंग आहेत?" त्यांचा पहिला प्रश्न.

"तुम्हाला हवा तो. पण मॅडम म्हणतील तेव्हाच माप. एक दिवस जरी बँडेज चुकलं तर स्टॉकिंग पायात जाणार नाही."

 मग त्या म्हणाल्या, "मंडईत छोटी वांगी येतात ना, काटेरी, तसला जांभळा सांग."

पुढचे काही आठवडे त्यांनी एकही दिवस बँडेज चुकवलं नाही. हे मला आईकडून कळलं. तिनं दुकानावरही फोन सुरू केला होता आणि आपांचा मुलगा आता तिला रोज अहवाल देत होता. माप आलं. मॅडमनी खाली एक ओळ लिहिली होती, "पाऊल आता आठ." मी तो मेल तिथल्या कॅफेत बसून पुन्हा पुन्हा वाचला. शेजारच्या मुलानं विचारलं, चांगली बातमी आहे का. मी म्हणाले, माझ्या मैत्रिणीचा पाय आठ झाला. तो विचारात पडला.

त्याच आठवड्यात बर्फ पडायला लागला आणि मला बूट घ्यावे लागले. नंबर त्यांचे वेगळे, पण हिशेब आपला जुनाच. लोकरीचं अस्तर असलेले, पोटरीपर्यंत येणारे दोन जोड घेतले. परतीच्या सामानात आपांचं वांग्याच्या रंगाचं स्टॉकिंग आलं, आणि त्यांचा मोठा उजवा आणि लहान डावा आला. डिसेंबरात त्या ते घालून दुकानात बसल्या. पुण्याची थंडी ती केवढी, पण त्यांनी तीन दिवस बूट काढले नाहीत. गिऱ्हाइकं लॅपटॉपच्या बॅगांबरोबर त्या बुटांचीही किंमत विचारून गेली. चौथ्या दिवशी मात्र पायांना घाम आला म्हणून मॅडमनी ते काढायला लावले आणि बेचक्यांसाठी पावडर दिली.

जर्मनीतल्या त्या दुकानातल्या बाईंनी आणखी एक सांगितलं होतं, की पोहा. पाणी पायाला चारी बाजूंनी सारखं दाबतं. उन्हाळा आला तशी मी आपांना गळ घातली. त्या आयुष्यात कधी पोहल्या नव्हत्या. "या वयात?" म्हणाल्या, आणि दोन दिवसांनी सुनेला घेऊन पायघोळ पोहण्याचा पोशाख खरेदी करून आल्या.

महापालिकेच्या तलावावर दुपारी बायकांची बॅच असायची. स्टॉकिंग काढून आम्ही कपडे बदलून बाहेर आलो, तर दाराशी बसलेल्या बाईंनी माझ्या पायाकडे पाहून हात आडवा केला. "त्वचारोग असणाऱ्यांना मनाई आहे. पाटी वाचली नाही?"

"वाचली. हा त्वचारोग नाही."

"मग काय आहे?"

शाळेत, कॉलेजात या प्रश्नाला मी दरवेळी काहीतरी सांगून वेळ मारून नेत असे. लचकलाय, डास चावलाय. मी तोंड उघडायच्या आत आपा पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतःच्या पोशाखाचा पायचा वर सरकवला. "हिच्यात जन्मतः नळ्या कमी आहेत, माझ्यातल्या कॅन्सरमध्ये गेल्या. पाणी तुंबतं. यात लागण होण्यासारखं काही नाही. हात लावून बघा."

बाईंनी हात लावला नाही, पण खुर्ची पुढे ओढून नीट पाहिलं. "दुखतं का?"

"जड होतो," मी म्हणाले. "रोज सांभाळावा लागतो."

"डॉक्टरची चिठ्ठी आणा. मला वर उत्तर द्यावं लागतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही मॅडमची चिठ्ठी नेली. बाईंनी ती वाचली, घडी करून टेबलाच्या काचेखाली ठेवली आणि म्हणाल्या, "उथळ बाजूनं उतरा. त्या तिकडच्या पायऱ्या कमी निसरड्या आहेत."

आपा कठडा धरून एकेक पायरी उतरल्या. पाणी कमरेपर्यंत आल्यावर थांबल्या. मी त्यांच्या पाठीखाली हात दिला आणि अंग सैल सोडायला सांगितलं. पहिल्या दोन वेळा त्यांनी माझा गळा असा आवळला की आम्ही दोघीही नाकातोंडात पाणी घेऊन वर आलो. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटले, ओठांत काहीतरी पुटपुटल्या आणि पाय सोडले. दोन्ही पाय एकदम वर आले. त्यांनी मान थोडी उचलून पाहिलं.

"अगं," त्या म्हणाल्या, "उजव्याला वजनच नाही."

"हात काढू का?"

"थांब जरा." थोड्या वेळानं म्हणाल्या, "काढ."

मी हात काढला. त्या तरंगत राहिल्या. काठावर पाय सोडून बसलेल्या दोन मुली बघत होत्या, त्यांतल्या एकीनं टाळ्या वाजवल्या. आपांनी तिला पाण्यातूनच, मान न हलवता सांगितलं की टाळ्या वाजवू नकोस, लाटा येतात.